लिनक्स ६.१२ चा कर्नल डेबियनवर स्वतः बांधताना: बिल्ड यंत्रणेचं परीक्षण

कर्नल.ऑर्गवरून लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्यामधल्या गाभ्याचा, सोर्स उतरवला की त्याच्या पोटातच बांधणीची सगळी यंत्रणा येते: पर्याय निवडायला केकॉन्फिग, कंपाइल करायला केबिल्ड आणि डेबियनची (ही लिनक्सची एक डिस्ट्रो, म्हणजे वापरायला तयार संच) पॅकेजं करून देणाऱ्या काही स्क्रिप्ट. हे परीक्षण त्या यंत्रणेचं आहे. आवृत्ती ६.१२, म्हणजे १७ नोव्हेंबर २०२४ ला आलेली आणि दीर्घकाळ सांभाळली जाणारी शाखा. मशीन म्हणून डेबियन १३ चालवणारा, इंटेल किंवा एएमडीचा साधा ६४-बिट लॅपटॉप गृहीत धरला आहे. डेबियन १३ चा स्वतःचा कर्नलही ६.१२ च आहे, त्यामुळे तुलना सोपी जाते आणि कंपायलर-कर्नल यांचं भांडणही होत नाही. कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमनमध्ये टाइप करायच्या आणि कॉन्फिगच्या पर्यायांची नावं कॅपिटलमध्ये.

मत आधीच सांगून टाकतो. कंपाइल होण्याचा भाग जवळजवळ निर्दोष आहे. गोची होते ती त्याच्या आधी कॉन्फिगमध्ये आणि त्याच्या नंतर बूटमध्ये, आणि नेमकं तिथेच ही यंत्रणा गप्प बसते. पर्याय गळून पडतो, ड्रायव्हर वगळला जातो, इनिटआरडी (बूटच्या सुरुवातीला रॅममध्ये उघडणारी, ड्रायव्हर असलेली छोटी फाइलसिस्टम) अर्धवट बनतो, आणि स्क्रीनवर मात्र सगळं आलबेल दिसतं. ही शांतता कुठे कुठे आहे हे माहीत असेल तर काम एका संध्याकाळचं आहे.

आधी गरज तपासा

कर्नल बांधायला बसणाऱ्या निम्म्याअधिक लोकांचं काम त्याशिवाय होतं. नवा लॅपटॉप आहे आणि टचपॅड चालत नाही? डेबियनच्या बॅकपोर्ट्समधला (सध्याच्या आवृत्तीसाठी दिलेल्या नव्या पॅकेजांमधला) कर्नल आधी लावून बघा. वायफाय दिसत नाही? 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, फर्मवेअर लोड न झाल्याची ओळ शोधा. बहुतेक वेळा फर्मवेअरचं पॅकेजच राहिलेलं असतं आणि कर्नल दहा वेळा बांधला तरी ते आपोआप येणार नाही. ऑडिओ रेकॉर्डिंगला आवाज तुटतो? डेबियनचा कर्नल प्रीएम्प्ट_डायनॅमिकसह बांधलेला असतो (चालू काम थांबवून तातडीचं आधी करण्याची पद्धत यात बूटच्या वेळी निवडता येते), म्हणजे ग्रबमध्ये, कर्नल उठवणाऱ्या प्रोग्राममध्ये, कर्नलच्या ओळीत 'प्रीएम्प्ट=फुल' लिहून रीबूट केलं की फरक कळतो. त्यानेही भागलं नाही तर रिअल-टाइम कर्नलचं तयार पॅकेज डेबियनमध्ये आहेच. झॅनमॉड आणि लिकोरिक्स हे तयार कर्नलही त्यांच्या रिपॉझिटरीतून सरळ बसतात.

वेगाची अपेक्षा तर ठेवूच नका. कर्नलच्या कोडमध्ये वेक्टर सूचना मुद्दाम टाळलेल्या असतात, त्यामुळे आपल्या प्रोसेसरसाठी खास कंपाइल केल्याचा फायदा रोजच्या वापरात जाणवण्याइतका नसतो. बूट थोडं लवकर होईल, /बूट मधली जागा वाचेल, एवढंच.

मग खरी गरज कोणाला? जुन्या कर्नलवर चालणारी गोष्ट नव्यावर मोडली आणि कोणत्या बदलामुळे मोडली हे 'गिट बायसेक्ट'ने शोधायचं आहे त्यांना. कर्नलच्या मेलिंग लिस्टवर आलेला एखादा पॅच तपासायचा आहे, डिस्ट्रोने बंद ठेवलेला ड्रायव्हर हवा आहे, किंवा एखाद्या ठरावीक बोर्डावर नेमकं लागेल तेवढंच ठेवायचं आहे त्यांना. आणि हो, आत काय आहे ते बघायचं आहे त्यांनाही. तेही कारण पुरेसं आहे.

सामान आणि सोर्स

पॅकेजं अशी लागतात: बिल्ड-इसेन्शियल, बायसन, फ्लेक्स, बीसी, आरसिंक, सीपीआयओ, केमॉड, झेडस्टीडी, डेबहेल्पर, पायथन ३ आणि लिबएनकर्सेस, लिबएसएसएल, लिबएल्फ या तिघांच्या -डेव्ह आवृत्त्या. डीबग माहिती ठेवणार असाल तर ड्वार्व्ह्ज हेही, कारण त्यात पाहोल नावाचं अवजार येतं. यातलं एखादं राहिलं तर काय होतं ते लक्षात ठेवा, कारण एरर पॅकेजचं नाव सांगत नाही. 'जेल्फ.एच' सापडत नाही म्हणाला तर लिबएल्फ-डेव्ह नाही. ओपनएसएसएलच्या हेडरबद्दल कुरकुर आली तर लिबएसएसएल-डेव्ह. मेन्यूकॉन्फिग उघडतच नाही तर लिबएनकर्सेस-डेव्ह.

डिस्कवर १२ ते १५ जीबी मोकळी ठेवा. डिस्ट्रोची पूर्ण कॉन्फिग डीबग माहितीसकट बांधणार असाल तर ३० जीबीही कमी पडू शकते. सोर्सच्या फोल्डरच्या वाटेत कुठेही स्पेस किंवा कोलन नको. 'माझा कर्नल' असं फोल्डरचं नाव ठेवलंत तर मेकफाइल पहिल्याच पायरीवर नकार देते. नकार देताना कारणही सांगते, हे या यंत्रणेच्या बाबतीत नोंद घेण्यासारखं.

टारबॉल (सोर्सची दाबलेली फाइल) साधारण दीडशे एमबीचा, उघडल्यावर दीड जीबीच्या आसपास. गिटचा पूर्ण इतिहास काही जीबींचा होतो; बायसेक्ट करायचं नसेल तर टारबॉल किंवा 'डेप्थ १' चा क्लोन पुरतो. सही तपासताना एक गंमत आहे. .साइन फाइल ही उघडलेल्या .टारची सही असते, .एक्सझेडची नव्हे. थेट .एक्सझेडवर तपासलं की 'बॅड सिग्नेचर' येतं आणि लोक उगाच तीन वेळा डाउनलोड करतात. आधी 'अनएक्सझेड', मग 'जीपीजी --व्हेरिफाय'. लिनस टोरवाल्ड्स आणि ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्या चाव्या त्यांच्या कर्नल.ऑर्गच्या पत्त्यांवरून 'जीपीजी --लोकेट-कीज' ने मिळतात. चावी विश्वासू म्हणून प्रमाणित नाही ही वॉर्निंग येईल, ती चालते. सही चुकीची आली तर मात्र थांबा.

कॉन्फिग: इथे वेळ घाला

शून्यापासून सुरुवात करू नका. 'मेक डेफकॉन्फिग' तुमच्या लॅपटॉपसाठी बनवलेलं नाही, आणि 'मेक टायनीकॉन्फिग' तर प्रयोगशाळेतलं आहे. चालत्या कर्नलची कॉन्फिग /बूट मध्ये 'कॉन्फिग-' या नावाने असते. ती सोर्सच्या फोल्डरमध्ये .कॉन्फिग म्हणून कॉपी करा आणि 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' चालवा. जुन्या कॉन्फिगमध्ये नसलेल्या प्रत्येक नव्या पर्यायाला ती मूळ किंमत देऊन टाकते. डेबियन १२ च्या ६.१ वरून ६.१२ ला उडी मारत असाल तर साधं 'ओल्डकॉन्फिग' शेकडो प्रश्न विचारत बसेल. इतक्या प्रश्नांना एंटर दाबत बसण्यापेक्षा 'ओल्डडेफकॉन्फिग' बरं.

आता तीन गोष्टी लगेच बदला.

पहिली, सर्टिफिकेट. डेबियनच्या बऱ्याच आवृत्त्यांच्या आणि उबंटूच्या कॉन्फिगमध्ये सिस्टम_ट्रस्टेड_कीज या पर्यायात त्यांच्या स्वतःच्या .पेम फाइलचा पत्ता असतो. ती फाइल कर्नल.ऑर्गच्या सोर्समध्ये नसते. परिणाम: बांधणी नीट चालू होते आणि मध्येच 'नो रूल टू मेक टार्गेट' म्हणून थांबते. 'स्क्रिप्ट्स/कॉन्फिग --सेट-स्ट्र' ने त्या पर्यायाची किंमत रिकामी करा. उबंटूची कॉन्फिग असेल तर सिस्टम_रिव्होकेशन_कीजही रिकामी करा, नाहीतर पुढच्या फेरीत तीच एरर दुसऱ्या फाइलच्या नावाने येईल.

दुसरी, डीबग माहिती. बांधणीचा वेळ आणि जागा खाणारी हीच. ५.१८ पासून ही एकातून एक निवडायची यादी आहे, त्यामुळे नुसतं डीबग_इन्फो बंद करून चालत नाही. डीबग_इन्फो_नन चालू करावं लागतं आणि आधी निवडलेला ड्वार्फचा (डीबग माहितीच्या स्वरूपाचा) पर्याय बंद. याची एक किंमत आहे आणि ती फारसं कोणी सांगत नाही. डीबग माहिती गेली की बीटीएफही (कर्नलमधल्या डेटाच्या प्रकारांची माहिती) जातं, आणि बीटीएफशिवाय अनेक बीपीएफ साधनं (चालत्या कर्नलमध्ये छोटे प्रोग्राम चालवणारी) चालत नाहीत. ६.१२ मध्येच आलेलं शेड_एक्स्ट, म्हणजे बीपीएफमधून स्वतःचा शेड्यूलर लावण्याची सोय, तिलाही बीटीएफ लागतं. त्यासाठीच ६.१२ बांधत असाल तर डीबग माहिती ठेवा, पाहोल बसवा आणि जास्त वेळ लागेल हे धरून चाला.

तिसरी, लोकलव्हर्जन. इथे '-घर१' सारखं शेपूट द्या, अर्थात रोमनमध्ये आणि लहान अक्षरांत; डेबियनच्या पॅकेजच्या नावात कॅपिटल अक्षरं आणि अंडरस्कोर चालत नाहीत. दर बांधणीला हे शेपूट बदला. तेच नाव ठेवून पुन्हा बांधून बसवलंत तर चालू असलेल्या कर्नलची मॉड्यूल्स, म्हणजे लागेल तेव्हा लोड होणारे त्याचे तुकडे, त्याच्या पायाखालून बदलली जातात, आणि पेनड्राइव्ह लावल्यावर 'डिसअग्रीज अबाउट व्हर्जन' अशा ओळी दिसू लागतात. रीबूट होईपर्यंत ते तसंच राहतं.

'स्क्रिप्ट्स/कॉन्फिग' हे अवजार सोयीचं आहे, पण ते .कॉन्फिगमध्ये फक्त ओळ लिहितं. असा पर्याय आहे का, त्याच्या अटी पूर्ण होतात का, हे ते बघत नाही. पुढे 'ओल्डडेफकॉन्फिग' चाललं की अट पूर्ण न होणारा पर्याय गुपचूप काढला जातो. उदाहरण प्रीएम्प्ट_आरटीचं घ्या. वीसेक वर्षं बाहेर पॅच म्हणून राहिलेलं हे काम ६.१२ मध्ये मुख्य सोर्समध्ये आलं, म्हणून पुष्कळ जण ते चालू करायला जातात. पण ते एक्स्पर्ट या पर्यायावर अवलंबून आहे. एक्स्पर्ट बंद असेल तर मेन्यूमध्ये दिसतही नाही, आणि स्क्रिप्टने चालू केलं तर पुढच्या पायरीला नाहीसं होतं. एक शब्द नाही, वॉर्निंग नाही. म्हणून दर वेळी 'ओल्डडेफकॉन्फिग' नंतर .कॉन्फिगमध्ये 'ग्रेप' करून हवा तो पर्याय उरलाय का ते बघा. 'स्क्रिप्ट्स/डिफकॉन्फिग' जुनी आणि नवी कॉन्फिग शेजारी ठेवून फरक दाखवतं, तेही वापरा.

मेन्यूकॉन्फिगमधला शोध मात्र उत्तम आहे. तिरपी रेघ दाबा, पर्यायाचं नाव लिहा. तो मेन्यूत कुठे आहे, कशावर अवलंबून आहे आणि त्या प्रत्येक अटीची सध्याची किंमत काय, हे सगळं दिसतं. लपलेला पर्यायही सापडतो. केकॉन्फिग हे रोमन झिप्पेल यांनी लिहिलं आणि ते २००२ मध्ये २.५ च्या विकासशाखेत आलं. आजवर त्याला कोणी हलवू शकलेलं नाही, त्यात या शोधाचाही वाटा असावा.

आता ज्यासाठी लोक खरं तर येतात ते: 'मेक लोकलमॉडकॉन्फिग'. स्टीव्हन रोस्टेड यांची ही स्क्रिप्ट २.६.३२ पासून सोर्समध्ये आहे. या क्षणी 'एलएसमॉड' मध्ये जी मॉड्यूल्स दिसतात तेवढी ठेवते, बाकीची वगळते. डिस्ट्रोच्या कॉन्फिगमध्ये हजारो मॉड्यूल्स असतात. साध्या लॅपटॉपवर लोड झालेली दीड-दोनशे. त्यामुळे आठ थ्रेडच्या लॅपटॉपवर तासाच्या आसपास जाणारं काम दहा-वीस मिनिटांवर येतं. यंत्रणेतला सगळ्यात उपयोगी भाग हाच, आणि सगळ्यात फसवाही हाच. कारण 'या क्षणी' याचा अर्थ अगदी तोच आहे. पेनड्राइव्ह लावलेला नसेल तर यूएसबी स्टोरेज गेलं. मोबाइलवरून इंटरनेट घेत नसाल तर टेदरिंगचा ड्रायव्हर गेला. डॉकर बंद असेल तर ओव्हरले फाइलसिस्टम आणि ब्रिज गेले. एचडीएमआय, वेबकॅम, ब्लूटूथ हेडफोन, ऑफिसचं व्हीपीएन, सगळ्याला हाच नियम.

उपाय दोन. एक, यादी काढण्याआधी जे जे वापरता ते सगळं जोडा आणि चालू करा, पेनड्राइव्ह खरोखर माउंट करा, नुसता खोचू नका, मग 'एलएसमॉड' एका फाइलमध्ये साठवा आणि एलएसमॉड= या व्हेरिएबलमधून ती फाइल द्या. दोन, एलएमसी_कीप= मध्ये कोलनने जोडलेले फोल्डर द्या, उदाहरणार्थ 'ड्रायव्हर्स/यूएसबी:एफएस'; त्या फोल्डरमधलं काहीही वगळलं जात नाही. दोन्ही एकत्र वापरणं शहाणपणाचं. बांधणी थोडी लांबते, पण महिन्याभराने पाहुण्यांचा पेनड्राइव्ह उघडला नाही म्हणून पुन्हा बसावं लागत नाही.

'लोकलयसकॉन्फिग' ही तिचीच बहीण. मॉड्यूल्सऐवजी सगळं कर्नलमध्येच घालते. नीटनेटकं वाटतं, पण ग्राफिक्स आणि वायफायच्या ड्रायव्हरना फर्मवेअर लागतं, आणि आत बसवलेला ड्रायव्हर रूट डिस्क माउंट होण्याआधीच जागा होतो. ते फर्मवेअर इनिटआरडीमध्ये किंवा एक्स्ट्रा_फर्मवेअर या पर्यायातून कर्नलमध्येच भरलेलं नसेल तर स्क्रीन काळी. नवख्यांनी या वाटेला जाऊ नये.

कंपाइल

इथे लिहिण्यासारखं फार नाही, आणि ती स्तुती आहे. 'मेक -जे' आणि पुढे प्रोसेसरच्या थ्रेडची संख्या. बांधणी अर्ध्यात थांबवली तर पुढच्या वेळी तिथूनच चालू होते. कोणती फाइल बदलली आणि तिच्यामुळे काय पुन्हा बांधायचं हे केबिल्ड अचूक ओळखतं. अपवाद वीज गेल्याचा. बॅटरी काढलेल्या जुन्या लॅपटॉपवर किंवा यूपीएस नसलेल्या पीसीवर मध्येच लाइट गेली तर शेवटच्या काही .ओ फाइली शून्य बाइटच्या राहू शकतात, आणि पुढे जोडणीच्या वेळी 'फाइल फॉरमॅट नॉट रेकग्नाइज्ड' येतं. शून्य आकाराच्या .ओ फाइली 'फाइंड' ने शोधून उडवा आणि 'मेक' पुन्हा चालवा. 'मेक क्लीन'ची गरज पडतेच असं नाही.

आठ जीबी रॅम डीबग माहितीशिवाय पुरते. डीबग माहिती आणि बीटीएफ असेल तर शेवटी पाहोलचा टप्पा येतो आणि तो रॅम गिळतो; एरवी नीट चाललेली बांधणी तिथे 'किल्ड' होऊन पडते. स्वॅप वाढवा किंवा थ्रेड कमी करा. जीसीसीऐवजी क्लँग या कंपायलरने 'एलएलव्हीएम=१' देऊन बांधता येतं, पण एलटीओ (जोडणीच्या वेळचं ऑप्टिमायझेशन) चालू केलंत तर रॅमचा हिशोब पुन्हा मांडावा लागेल.

एरर आली की शेवटची ओळ वाचू नका. 'एरर २' ही नुसती निरोप पोचवणारी ओळ असते. खरी एरर अनेक ओळी वर, इतर थ्रेडच्या गर्दीत हरवलेली. सरळ 'मेक -जे१' चालवा, ती एकटी समोर येईल.

आणखी एक. 'मेक क्लीन' फक्त बांधलेलं पुसतं, 'मेक एमआरप्रॉपर' .कॉन्फिग आणि मॉड्यूल सहीची आपोआप बनलेली चावीही पुसतं. .कॉन्फिगची एक प्रत सोर्सच्या बाहेर ठेवाच.

बसवणं: दोन वाटा, एक बरी

जुनी वाट म्हणजे 'सुडो मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल' आणि मग 'सुडो मेक इन्स्टॉल'. क्रम हाच. उलटा केला तर इनिटआरडी बनताना मॉड्यूल्सचा फोल्डरच नसतो. एक वॉर्निंगची ओळ येते, काम पुढे चालू राहतं आणि पुढच्या बूटला कर्नल पॅनिक. डीबग माहिती ठेवली असेल तर पहिल्या कमांडला इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ जोडा, नाहीतर इनिटआरडी काही शे एमबीचा होतो. वेगळं /बूट पार्टिशन पाचशे एमबीचं असेल तर त्यातच ते भरून जातं, आणि अर्धवट लिहिलेल्या इनिटआरडीने मशीन उठत नाही.

बरी वाट म्हणजे 'मेक बिनडेब-पीकेजी'. वरच्या फोल्डरमध्ये .डेब फाइली तयार होतात: लिनक्स-इमेज, लिनक्स-हेडर्स, लिनक्स-लिबसी-डेव्ह आणि डीबग माहिती असेल तर शेवटी -डीबीजी असलेलं एक जाडजूड पॅकेज. यातली पहिली दोनच 'डीपीकेजी -आय' ने बसवा. लिबसी-डेव्ह बसवू नका. ते डेबियनच्या स्वतःच्या पॅकेजची जागा घेतं आणि त्यातून मिळत काहीच नाही. हेडर्स मात्र हवेतच, कारण एनव्हिडिया किंवा व्हर्च्युअलबॉक्सची मॉड्यूल्स डीकेएमएस त्यांच्याच आधारे बांधतं. इनिटआरडी बनवणं आणि ग्रब ताजं करणं पॅकेज स्वतः करतं, मॉड्यूल्स स्ट्रिप करतं, आणि काढायची वेळ आली की 'ॲप्ट पर्ज' ने सगळं स्वच्छ निघतं. हा भाग कोणी लिहिला असेल त्याला शंभरपैकी पंचाण्णव. पाच कापले ते लिबसी-डेव्ह विनाकारण पुढे करण्याबद्दल.

पहिलं बूट

त्याआधी 'मोकयूटिल --एसबी-स्टेट' चालवा. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला कर्नल ग्रब उचलणारच नाही. 'बॅड शिम सिग्नेचर' म्हणेल. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करणं हा एक मार्ग. दुसरा, ओपनएसएसएलने स्वतःची चावी बनवायची, 'मोकयूटिल --इम्पोर्ट' ने नोंदवायची, रीबूटच्या वेळी येणाऱ्या निळ्या पडद्यावर ती मान्य करायची आणि 'एसबीसाइन' ने कर्नलच्या फाइलवर सही करायची. तो निळा पडदा दहा सेकंदच थांबतो; चहा आणायला गेलात तर इम्पोर्ट पुन्हा करा. सही दर बांधणीला नव्याने करावी लागते. एक फरक फायद्याचाही आहे: सिक्युअर बूट चालू असताना डेबियनचा कर्नल आपोआप लॉकडाउनमध्ये (कर्नलमध्ये फेरफार रोखणाऱ्या अवस्थेत) जातो आणि हायबरनेट बंद पडतं, कर्नल.ऑर्गच्या मूळ सोर्समध्ये ती जोडणी नाही. सुरक्षा त्या प्रमाणात कमी, हे समजून घ्या.

नवा कर्नल लगेच कायमचा करू नका. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये ग्रब_डिफॉल्ट=सेव्हड करून 'अपडेट-ग्रब' चालवा, जुना कर्नल 'ग्रब-सेट-डिफॉल्ट' ने ठरवून ठेवा आणि नवा 'ग्रब-रीबूट' ने फक्त एकदाच उठवा. दूरच्या सर्व्हरवर करत असाल तर नव्याच्या ओळीत 'पॅनिक=१०' घाला. पॅनिक झालाच तर दहा सेकंदांनी मशीन स्वतः रीबूट होऊन जुन्या कर्नलवर परत येतं.

पॅनिकची ओळ, 'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक', आणि पुढे कंसात दोन आकडे. हे आकडे बरंच सांगतात. (०,०) असेल तर कर्नलला डिस्कच दिसलेली नाही: इनिटआरडी नाही, किंवा एनव्हीएमई अथवा साटाचा ड्रायव्हर वगळला गेला. आकडे खरे असतील, जसं (८,१) किंवा एनव्हीएमई पार्टिशनसाठी २५९ ने सुरू होणारे, तर डिस्क सापडली, पण तिच्यावरची फाइलसिस्टम कर्नलला वाचता येत नाही. ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएसचा पर्याय बघा. इनिटआरडीशिवाय बूट करण्याचा हट्ट असेल तर रूट=यूयूआयडी चालत नाही, कारण फाइलसिस्टमचा यूयूआयडी ओळखण्याचं काम इनिटआरडीतलं असतं. तिथे पार्टयूयूआयडी लागतो.

उठल्यावर 'यूनेम -आर' मध्ये आपलं शेपूट दिसलं की 'डीमेसेज --लेव्हल=ईआरआर,वॉर्न' जुन्या कर्नलच्या त्याच यादीशी ताडून बघा. आवाज, सस्पेंड आणि परत उठणं, बाहेरचा मॉनिटर, प्रिंटर, व्हीपीएन एकेक करून तपासा. सस्पेंड विसरू नका, तक्रारी बहुतेक तिथूनच येतात.

पुढची देखभाल

इथे या वाटेचे गुण कमी होतात. डेबियनचा कर्नल 'ॲप्ट अपग्रेड' मध्ये आपोआप दुरुस्त होतो. तुमचा होत नाही. ६.१२ शाखेत नवी उपआवृत्ती साधारण आठवड्या-पंधरवड्याला येते, आणि फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलची टीम स्वतःच सीव्हीई क्रमांक (सुरक्षेतल्या त्रुटींचे क्रमांक) देत असल्याने त्यांची संख्या इतकी मोठी आहे की एकेक निवडून पॅच लावण्याची कल्पना सोडून द्यावी. सगळी उपआवृत्ती घ्या, पुन्हा बांधा. सीसीकॅश (आधी कंपाइल झालेलं साठवून ठेवणारं अवजार) बसवून 'मेक' ला 'सीसी="सीसीकॅश जीसीसी"' दिलंत तर दुसऱ्या फेरीचा वेळ बराच कमी होतो. हे नियमित जमणार नसेल तर रोजच्या कामाच्या मशीनवर डेबियनचाच कर्नल राहू द्या आणि स्वतःचा प्रयोगापुरता.

हाताने, म्हणजे 'मेक इन्स्टॉल' ने, बसवलेला कर्नल काढताना /बूट मधून व्हीएमलिनझ, सिस्टम.मॅप आणि कॉन्फिग या फाइली आणि /लिब/मॉड्यूल्स मधला त्या नावाचा फोल्डर उडवा. इनिटआरडी 'अपडेट-इनिट्रॅमएफएस -डी -के' ने काढा, मग 'अपडेट-ग्रब'. चालू असलेला कर्नल कधीही काढू नका.

पॅचने पुढे सरकताना एक खाचखळगा. कर्नल.ऑर्गवरचा पॅच-६.१२.२० हा मूळ ६.१२ वर लावायचा असतो, ६.१२.१९ वर नव्हे. १९ वर लावायला गेलात तर 'रिव्हर्स्ड ऑर प्रीव्हियसली अप्लाइड' असं विचारलं जातं. तिथे होकार देऊ नका. आधी १९ चा पॅच 'पॅच -आर' ने उलटा काढा आणि मग २० चा लावा, किंवा 'इन्कर' फोल्डरमधला १९-२० हा छोटा पॅच घ्या.